मंडळाचा स्कोअर

"नीलिमाताई, ही चार फायनल," असं म्हणून विवेक सावंतांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. चारही मेडिकल स्कूल्सची नावं मोठी होती, वाचताना माणूस आपोआप ताठ बसेल अशी. शेजारी त्यांची मुलगी रेवती मान खाली घालून बिस्किटाचे तुकडे करत होती. मी तिच्या टेस्टचा रिपोर्ट पुन्हा एकदा बघितला. या चारपैकी एकही तिला इंटरव्ह्यूला बोलावणार नव्हतं.

मी वीस वर्षं एका युनिव्हर्सिटीत करिअर्स ॲडव्हायझर होते. रिटायर झाल्यापासून लंडनच्या पिनर भागातल्या माझ्या डायनिंग टेबलवर तेच काम करते. बहुतेक जण येतात ते ग्रॅज्युएट-एंट्री मेडिसिनसाठी. म्हणजे आधी दुसरी डिग्री घेतलेल्यांसाठीचा चार वर्षांचा डॉक्टरकीचा कोर्स. जागा मूठभर. त्यासाठी उन्हाळ्यात एक ॲडमिशन टेस्ट द्यायची. स्कोअर लगेच हातात मिळतो आणि तेवढ्याच वर्षापुरता चालतो. फॉर्मवर मेडिसिनचे चॉइस चारच. काही स्कूल्स नुसत्या स्कोअरवर चाळणी लावतात. काही किमान स्कोअर झाला की तो बाजूला ठेवतात आणि माणूस काय काम करून आलाय ते बघतात. आपला स्कोअर कुठे चालेल हे ओळखून चार नावं भरायची, एवढीच यातली विद्या.

रेवती चोवीस वर्षांची. बायोमेडिकलची डिग्री झाल्यावर दोन वर्षं ती हॉस्पिटलमध्ये वयस्कर पेशंटच्या वॉर्डात हेल्थकेअर असिस्टंट होती. पेशंटला आंघोळ घालायची, भरवायचं, चादरी बदलायच्या. आदल्या वर्षी चारही ठिकाणांहून नकार आला होता. या भेटीच्या आधी तिने मला एकटीने फोन केला होता. "मावशी, धिस इज द लास्ट टाइम. या वर्षी नाही झालं तर मी थांबणार. बाबांना सांगितलं नाही अजून."

तिचा यंदाचा स्कोअर सत्तावीसशेपैकी दोन हजार साठ. वाईट मुळीच नाही, पण त्या चार नावांसाठी नाहीच नाही.

"विवेकराव, ही चार कशावरून काढलीत?"

"शीटवरून. मंडळाचं शीट आहे ना."

इथल्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरींनी गणपतीच्या सुमारास एक ऑनलाइन शीट काढलं होतं. मेडिसिनला बसणाऱ्या आपल्या मुलांना एकमेकांची मदत व्हावी, हा हेतू. मुलाचं नाव, स्कोअर, चार चॉइस. एकूण नऊ मुलं. शीट देखणं होतं. जास्त स्कोअर हिरवा, कमी लाल. लाल एकही नव्हता.

रेवतीच्या ओळीत लिहिलं होतं दोन हजार तीनशे दहा.

मी रिपोर्ट आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. विवेकरावांनी घसा साफ केला.

"ते काय झालं, आरतीनंतर सगळे आपापल्या मुलांचे स्कोअर सांगायला लागले. तेवीसशे, चोवीसशे. मग माझ्या तोंडून निघून गेलं."

"बाबा!" रेवती म्हणाली. "तुम्ही अडीचशे वाढवले?"

"राउंड केलं गं."

हा माणूस एका बँकेसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. लोकांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो.

"बरं, सांगितला तर सांगितला," मी म्हटलं. "फॉर्म तर खऱ्या स्कोअरवर भरू."

"अहो ताई, चॉइसचा रकाना सगळ्यांना दिसतो! तेवीसशे दहा असताना साध्या ठिकाणी का भरलं, असं विचारतील ना. नाक कापलं जाईल माझं."

मला राग आला. मुलीच्या दोन वर्षांच्या कष्टांवर हा माणूस मंडळातलं आपलं नाक मांडून बसला होता. आणि माझी दुसरी अडचण अशी, की त्या नऊ जणांतली आणखी तीन मुलं माझ्याकडेच येत होती. तिघांचे रिपोर्ट माझ्या ड्रॉवरमध्ये होते आणि तिघांचेही आकडे शीटमध्ये आल्यावर गुटगुटीत झाले होते. पण एकाची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. म्हणून मी फक्त एक साधा प्रश्न विचारला.

"विवेकराव, तुम्ही अडीचशे वाढवलेत. बाकी आठ जण तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहेत असं तुम्हाला का वाटतं?"

ते लॅपटॉपकडे वळले. एकेक ओळ खाली सरकवत गेले. "हा कुलकर्ण्यांचा मुलगा... खरंच की हो. याला तर साधा ड्रायव्हिंग थिअरीचा पेपर तीनदा द्यावा लागला होता."

मग मी माझी यादी पुढे केली. त्यात समुद्रकाठच्या एका गावातलं स्कूल होतं. ट्रेन दोनदा बदलावी लागते. किमान स्कोअर रेवतीने आरामात ओलांडला होता आणि पुढे ते बघणार होते तिचं वॉर्डातलं काम.

"हे नाव मंडळात कोणी ऐकलेलं नाही," विवेकराव कुरकुरले.

"बाबा, इंटरव्ह्यू मंडळाला नाही द्यायचा आहे," रेवती म्हणाली. "फॉर्म माझा आहे. मी भरणार."

शेवटी तडजोड झाली. तीन चॉइस रेवतीचे, एक मंडळाचा. मंडळाच्या चॉइसचा नकार सगळ्यात आधी आला.

समुद्रकाठच्या स्कूलने तिला इंटरव्ह्यूला बोलावलं. एखादा पेशंट जेवायला नकार देत असेल तर काय कराल, असं विचारलं. हे तिने दोन वर्षं रोज केलं होतं. मार्चमध्ये ऑफर आली. फोनवर ती नुसती रडत होती.

विवेकरावांनी मंडळात पेढे वाटले. शीटमध्ये रेवतीच्या ओळीपुढे लिहिलं, "ॲडमिशन मिळाली". स्कोअर तोच ठेवला, दोन हजार तीनशे दहा.

पुढच्या सप्टेंबरात शिल्पा नावाची एक आई मुलाला घेऊन आली. त्याचा स्कोअर एकवीसशे, केअर होममधला अनुभव चांगला. मी समुद्रकाठचं स्कूल सुचवलं.

"नको हो ताई. तिथे सावंतांच्या रेवतीला तेवीसशे दहावर मिळालं. आमच्या अथर्वला कुठले घेतायत?"

मुलगा खाली बघून बिस्किटाचे तुकडे करायला लागला. रेवतीचा खरा आकडा सांगणं माझ्या नियमात बसत नव्हतं. ते गेल्यावर मी विवेकरावांना फोन केला. "रेवतीचा आकडा दुरुस्त करा. लोक तो धरून चालतायत."

"अहो ताई, आता ती डॉक्टर होतेय. आता कशाला उकरून काढायचं?"

मग मी रेवतीला फोन केला. तिने फक्त लिंक मागितली. त्याच संध्याकाळी तिच्या ओळीत दोन हजार साठ आलं. शेजारी तिने रिपोर्टचा फोटोही डकवला.

एक दिवस शीटमध्ये काहीच हललं नाही. मग एक आकडा खाली आला. मग आणखी दोन, मग उरलेलेही. आठवडाभरात मंडळाची सरासरी दोनशेने घसरली आणि टेस्ट कोणीच परत दिली नव्हती. शिल्पाचा फोन आला, "ताई, ते समुद्रकाठचं भरूया का?"

आता माझ्याकडे येणाऱ्यांनी भरायच्या फॉर्मवर स्कोअरसाठी दोन रकाने आहेत. एक रिपोर्टवरचा, एक मंडळातला. पालक दुसरा आधी भरतात. मी चॉइस पहिल्यावरून काढते.