मामंजींना मारलेली हाक

माझे सासरे माझ्याशी बोलत नसत आणि मीही त्यांच्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, निजामाच्या मोगलाईतल्या आमच्या आष्टीला सुनेनं सासऱ्याशी बोलायचंच नसे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे सगळे निरोप मालकांमार्फत, म्हणजे माझ्या नवऱ्यामार्फत, जात. मुलगी झाल्यावर मोठी सोय झाली. मामंजी दोन महिन्यांच्या नातीला म्हणत, "माय, आईला म्हणावं, भाकर वाढ." मीही तिलाच उत्तर देई. ती बिचारी मूठ चोखत दोघांचं ऐकून घेई.

त्या पौषात थंडीची लाट आली. उत्तरेचा वारा तीन दिवस थांबला नाही आणि पोरीची छाती भरली. मालक कापूस घेऊन जालन्याला गेलेले. तिसऱ्या सकाळी मामंजींनी उंबऱ्याबाहेरून विचारलं, "माय, दूध पेलीस का?"

"न्हाई म्हणावं. कालपासून तोंड लावीना," मी पोरीला सांगितलं.

त्यांनी लगेच बैल जुंपले. परतूरच्या सरकारी दवाखान्यात पोचली तरच ती जगणार, हे दोघांनाही कळत होतं. शेजारची म्हातारी सोबत येणार होती. वारा बघून तिचे गुडघे ऐन वेळी दुखायला लागले.

गाडीवरचं छप्पर मामंजींनी काढून ठेवलं, नाहीतर वाऱ्यानं गाडीच उलथली असती. उघड्या गाडीत मी पोरीला पोटाशी धरून, वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे मागे तोंड करून बसले. धुळीनं बैल सारखे मान वळवत होते. मामंजींनी कानांवरून मुंडासं घट्ट बांधलं होतं.

अर्ध्या वाटेत बाभळीची मोठी फांदी मोडून आडवी पडली होती. तिला वळसा घालताना दणका बसला आणि डाव्या चाकाची खीळ निसटून चाकोरीत पडली. चाक आसावरून निघू नये म्हणून असते ती. मी ती पडताना डोळ्यांनी पाहिली. आणि काय केलं? पोरीला म्हणाले, "माय, आज्याला सांग, खीळ पडली."

आज हसू येतं, पण तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही. वाऱ्यानं माझे शब्द मागच्या मागे नेले. पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, पण पुन्हा पोरीलाच. चाक बोटबोट बाहेर सरकत होतं. पुढे ओढ्याचा उतार आहे हे मला ठाऊक होतं. गाडी कलली तर पोर माझ्याखालीच सापडणार होती.

उतार लागला तशी मी वळले, मामंजींची घोंगडी धरून ओढली आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "मामंजी, चाक!"

त्यांनी कासरा खेचला. चाक आसाच्या अगदी टोकाला आलं होतं. ते मागे चालत जाऊन खीळ घेऊन आले, चाक आत रेटलं आणि दगडानं खीळ ठोकली. तोवर मी बैल धरून उभी. डोक्यावरचा पदर केव्हाच उडाला होता.

"खीळ पडताना पाह्यली होतीस?" त्यांनी विचारलं. थेट मला.

मी होकारार्थी मान हलवली.

"मंग येवढ्या वाटंत गप का बसलीस? पोर गेली असती ना!"

मला फार राग आला. त्यांचा नाही, माझाच. "गप न्हाई बसले," मी म्हणाले. "पोरीला सांगितलं."

त्यांनी अंगावरची घोंगडी काढून पोरीवर घातली आणि गाडी हाकली.

परतूरला डॉक्टरांनी पोरीला ठेवून घेतलं. मी आत, मामंजी बाहेर ओट्यावर. दुसऱ्या दिवशी दुपारी वारा पडला, आणि थोड्या वेळानं पोरीनं तोंड लावलं. मला रडू आवरेना. तेवढ्यात खिडकीशी मुंडासं दिसलं. मामंजींनी पाठ केली होती, पण आवाज स्वच्छ होता.

"सूनबाई, दूध पेली का?"

"पेली, मामंजी."