कब्रस्तानातलं आमेन

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. रिपोर्टमध्ये दिसत नाही ते माझ्या लेखी नसतंच... त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. आमच्या भागात आता आमचं एकच घर उरलंय; बाकीचे ठाण्याला नाहीतर इस्रायलला गेले. गेल्या वर्षी बाबा वारले. मी त्यांची एकुलती एक मुलगी.

गेलेल्या माणसासाठी आमच्यात कद्दीश म्हणतात. त्यात मरणाचा एक शब्द नाही — सगळी देवाची स्तुती. आणि दहा पुरुष जमले तरच ते म्हणायचं. मधेमधे त्यांनी "आमेन" म्हणायचं. दफनाला ठाण्याहून माणसं आली, त्यांनी म्हटलं, परत गेली. मी मात्र घरी एकटीनेच म्हणायला प्रार्थनेचं पुस्तक उघडलं की पहिल्याच ओळीला अडायचे. ज्याने बाबांना नेलं, त्याचीच स्तुती करू?

आमचं कब्रस्तान रत्नागिरीबाहेर, कातळावर. भोवती जांभ्या दगडांचा गडगा, एकच फाटक. किल्ली फाटकाशेजारच्या घरातल्या हमीदाचाचींकडे असते. आंब्याला मोहोर आलेला असताना एक दिवस मी तिथे गेले; दुपारचे चार वाजलेले. बाबांच्या कबरीपाशी उभी राहून मी आधी देवाशी चक्क भांडले. मग रडत, चिडूनच, कद्दीश सुरू केलं.

पहिल्या ओळीनंतर श्वास घ्यायला थांबले... आणि मागून "आमेन" आलं.

एकाचं नाही, बऱ्याच पुरुषांचं. सावकाश, जरा बेसूर, आमच्याच चालीत. वळून बघायचा धीर झाला नाही. पण पुढची ओळ न अडता आली. जिथे जिथे थांबायचं तिथे "आमेन" येत गेलं, आणि मी शेवटापर्यंत म्हटलं — पहिल्यांदाच. वळले, तर कातळावर उन्हाशिवाय काही नाही.

इतक्यात फाटकातून हमीदाचाची आल्या. एका हातात किटली, दुसऱ्या हातात ग्लासांची थाळी.

"पाव्हणे खंय गेले गो?"

"कुठले पाहुणे, चाची? मी एकटीच आहे."

"थट्टा करतेस? इतके पुरुष आमेन म्हणत होते. आमचंही आमीनच की, मला कळत नाही होय? म्हटलं, बाबांसाठी लांबून माणसं आलीत, चहा तरी पाजू."

मी हाताने सगळं रिकामं कब्रस्तान दाखवलं. मग दोघी तिथेच गडग्याला टेकून चहा प्यायलो.

मला एकटीला ऐकू आलं असतं तर दुःखाने झालेला भास म्हणून सोडून दिलं असतं. पण चाचींना कसलं दुःख होतं? वारा म्हणावा, तर वारा शब्द बोलत नाही. कुणाला सुचलं तर सांगा... मला अजून सुचलेलं नाही.

देवावरचा राग पुरता गेलेला नाही. पण आता तो रोज सकाळी त्यालाच ऐकवते, आणि ऐकवून झालं की कद्दीश म्हणते. शेवटापर्यंत.