खंडेनवमीचा बॅकअप

ऑफिसात मी सगळ्यांना बॅकअप घ्या म्हणून दटावायचो, आणि माझ्या घरी लॅपटॉपवर लेकीचे जन्मापासूनचे तीन वर्षांचे फोटो होते, दुसरी कॉपी कुठेही नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान! एके दिवशी लॅपटॉप कटकट वाजू लागला आणि माझी पाचावर धारण बसली. इकडे परदेशात, मार्कहॅममधल्या एका दुकानातून एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली आणि धावत घरी आलो.

घरी पुण्याहून आलेल्या आईने खंडेनवमीची पूजा मांडली होती. पाटावर सुरी, स्क्रू ड्रायव्हर, गाडीची किल्ली. भिंतीला टेकवून बर्फ उपसायचं फावडं. आणि मधोमध, हळदकुंकू लावलेला, माझा लॅपटॉप. तिने माझ्या हातातली डिस्कही घेतली, कुंकू लावलं, वर अंगणातली शेवंती ठेवली.

"आई, अगं अर्जंट कॉपी करायचीये!"

"आज हत्यारांना हात लावायचा नाही. उद्या कर."

"आणि तोवर क्रॅश झाला तर?"

"मग पूजा कशाला केलीय?"

लेक टाळ्या पिटत "हॅपी बर्थडे!" म्हणाली. मी भयंकर चिडलो. नको ते बोललो. पण पाटाला हात लावायची काही छाती झाली नाही.

दसऱ्याला दात न घासताच केबल जोडायला गेलो, तर शिरेना. डिस्कच्या खाचेत कुंकू! टूथपिकने कोरून काढलं. मग स्क्रीनवर 'चार तास बाकी'. आई जपमाळ घेऊन शेजारी बसली. कॉपी पूर्ण झाली आणि संध्याकाळी लॅपटॉपने मान टाकली.

"थांबला की नाही तुझ्यासाठी?" आई म्हणाली.

नवा लॅपटॉप आला, त्यावर फोटो चढवले. दोन महिन्यांनी आई परत निघाली तेव्हा तिच्या बॅगेत, साड्यांच्या घड्यांत, ती कुंकवाची डिस्क दिसली.

"आई, ही माझी आहे!"

"तुझ्याकडे नव्यावर आहेत ना? दोन्ही कॉप्या एका घरात ठेवू नयेत. फोनवर ऑफिसातल्यांना तूच ओरडत होतास."

"पण तुझ्याकडे कॉम्प्युटर कुठंय?"

"बघायला कोण नेतंय? सांभाळायला नेतेय."

डिस्क बॅगेतून काढली आणि तिच्या हातातल्या पर्समध्ये ठेवली. विमानाच्या सामानात दिलेल्या बॅगा हरवतात.