डाव्या हाताचा पीळ

किन्हवलीच्या नाक्यावर सावळारामचं गॅरेज आहे. गॅरेज आपलं म्हणायला. चार पत्रे आणि एक जुनं जांभळाचं झाड. पण गाडी उभ्या उभ्या थरथरते, मधूनच ठसकते अशी तक्रार असली, की पार मुरबाडहून लोक त्याच्याकडे येतात. चालू इंजिनच्या प्लगच्या वायरी तो एकेक करून काढतो. वायर काढल्यावर इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर धडधाकट. काहीच फरक पडला नाही, तर दुखणं तिथेच. या कामात आपला हात धरणारं तालुक्यात कोणी नाही, असं तो स्वतःच चारचौघांत सांगतो. भीडभाड त्याला ठाऊक नाही.

असा हा माणूस घरच्याच गाडीपुढे तीन आठवडे हात टेकून बसला होता.

गाडी त्याच्या मुलाची, सुयोगची. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूचं निमित्त झालं आणि एकतीस वर्षांचं पोर पाच दिवसांत गेलं. त्याची बायको दर्शना शहापूरला लॅबमध्ये रक्त तपासते. दिवाळीनंतर ती जिद्दीने गाडी शिकली आणि तीच गाडी कामावर नेऊ लागली. पळताना गाडी नीट पळे, पण वेग कमी केला की सगळं अंग हलवी आणि कधी कधी बंदच पडे.

"मामा, तुमी बघा ना जरा," ती सासऱ्याला म्हणाली.

"बघतो गो."

त्याने त्याच दिवशी बघितलं. चारही सिलिंडर चोख होते. मग कुठून तरी फुकटची हवा आत शिरत असणार, म्हणून त्याने इंजिनचे रबरी पाइप एकेक करून चाचपले. सगळ्यात मागच्या पाइपावर त्याची बोटं थांबली. पाइप चिरला होता आणि चिरेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली होती. गाठ नव्हती. भाताचा भारा बांधताना बंदाला पीळ देऊन टोक आत खुपसतात, तसं टोक खुपसलेलं होतं. हे त्यानेच सुयोगला खळ्यावर शिकवलं होतं. आणि पीळ उलटा होता. सुयोग डावरा. "तुझा भारा शंभरात ओळखू येतो रे!" म्हणून बापाने त्याला किती चिडवलं होतं.

पट्टी आता सैल पडली होती. सावळारामने ती मुठीत आवळली, की इंजिन शांत होई. मूठ सोडली, की पुन्हा थरथर. कितीतरी वेळ तो तसाच वाकून उभा राहिला. नवा पाइप घालायला दहा मिनिटं पुरली असती, पण पट्टीचा एक वेढा तापाने खालच्या लोखंडाला चिकटला होता, ती कापल्याशिवाय जुना पाइप निघणार नव्हता. पोराचे कपडे त्याच्या आईने, अंबूबाईने, केव्हाच वाटून टाकले होते. पोराच्या हातचं म्हणावं असं घरात एवढंच उरलं होतं. त्याने पट्टीवरून टेप गुंडाळली आणि बोनेट लावलं. दोन दिवसांत ती टेप इंजिनच्या तापाने सुटली.

"नाय सापडत गो," त्याने सुनेला सांगितलं. गिऱ्हाइकाला कधी थाप न मारलेला माणूस घरात खोटं बोलला, आणि दर्शनाने ते मुकाट्याने खरं मानलं.

मंगळवारी संध्याकाळी सापगावच्या पुलाजवळ वळणावर तिने ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी बंद पडली. मागून रेतीचा डंपर आला. डंपरवाल्याने कसाबसा कट मारला. गाडीचा आरसा मात्र तुटून रस्त्यात पडला. तशीच गाडी घेऊन ती घरी पोचली.

"मरतच होती मी आज, मामा," ती म्हणाली आणि ओटीवर बसली.

सावळारामने आरसा तुटलेल्या गाडीकडे पाहिलं. एक लेकरू गेलं, त्याची पट्टी जपायला आपण दुसरं डंपरपुढे उभं केलं! स्वतःची एवढी लाज त्याला जन्मात वाटली नव्हती. अंबूबाईने पुढे केलेला चहा तसाच ठेवून तो उठला आणि ब्लेड घेऊन गाडीपाशी गेला. पट्टी कापताना तो घळाघळा रडला आणि डोळे पुसायच्याही भानगडीत पडला नाही. मग नवा पाइप घातला, क्लिप आवळली, चावी फिरवली. गाडी जराही थरथरली नाही.

दर्शना ओटीवरून उठून आली. तिने बोनेटवर हात ठेवून पाहिला.

"सापडलं मामा?"

"पयल्याच दिवशी सापडलेलं," तो म्हणाला आणि त्याने तळहात उघडला. पट्टीचे दोन तुकडे झाले होते, पण पीळ अजून धरून होता. "माझ्या हातानं कापवंना गो."

ती आता ओरडेल, बोल लावील, म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. तिचा तो हक्कच होता. दर्शनाने तो उलटा पीळ बोटाने चाचपला, नवऱ्याचा हात ओळखला आणि तिचा चेहरा एकदम पडला.

"सांगायचं ना मामा," ती म्हणाली. "मी एसटीनं गेली असती."