आत्याच्या वाटणीचं खोबरेल

आमच्या आत्याला कुरकुरणारी वस्तू सहन होत नसे. झोपाळ्याची कडी वाजली, दाराची बिजागरी रडली, की हातातलं काम टाकून ती तेलाची बाटली घेऊन उठे. "कुरकुरतंय म्हणजे दुखतंय त्याला," असं म्हणे. शेजारच्या काकूंचे गुडघे कुरकुरू लागले तेव्हा बिजागऱ्यांच्या आधी त्यांचा नंबर लागला, एवढाच काय तो भेदभाव.

आत्या ही माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. लग्न म्हणजे काय ते कळायच्या आधीच विधवा झालेली. लाल आलवण, मोकळं कपाळ आणि दर पंधरवड्याला मागच्या जिन्याने येणारा न्हावी. तो यायचा त्या दिवशी ती कुणाशी बोलत नसे. एरवी घरात सगळ्यांत मोठा आवाज तिचाच.

दिवाळीला आई घरातल्या प्रत्येक बाईच्या नावाने खोबरेलाची बाटली भरून ठेवी. आत्याचीही भरे. वगळलं तर बरं दिसणार नाही म्हणून. डोक्यावर केस नसलेल्या बाईने त्या तेलाचं करायचं काय, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

गिरगावात आमच्या घराखालीच अण्णांचा छापखाना होता. हातयंत्र विकून त्यांनी कुणाचं तरी वापरलेलं, घासलेटवर चालणारं इंजिन आणलं. दिव्याने त्याचं डोकं तापवायचं, मोठं चाक हाताने फिरवायचं, की ते धडधडू लागे. थंडी पडली आणि ते सकाळी हटून बसू लागलं. दुपारी मात्र शहाण्या मुलासारखं सुरू! सकाळची कामं रखडली, गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली. अण्णांनी सांगून टाकलं, संक्रांतीपर्यंत हे सुधारलं नाही तर छापखाना मोडायचा आणि गावी जायचं. म्हणजे आम्ही आमच्या गावी, आणि आत्या तिच्या दिरांच्या घरी, जिथे तिला कुणी नावाने हाकही मारत नसे.

अण्णांनी दिवा बदलला, घासलेट फडक्यातून गाळलं, नळी फुंकून पाहिली. काही उपयोग नाही. आत्या रोज दुपारी खाली जाऊन इंजिनावरून हात फिरवून येई. "थंडी बाधतेय रे त्याला," म्हणे. एकदा तर तिने आपली घोंगडी त्याच्यावर घातली. कामगार हसले. मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता.

एका सकाळी आई माझी वेणी घालायला बसली. खोबरेल गोठलं होतं, म्हणून तिने बाटली खिडकीत उन्हाला ठेवली. अण्णा त्या बाटलीकडे बघत उभेच राहिले. "पेटायचं लांबच राहिलं, चाकच हलत नाही सकाळी," असं स्वतःशीच पुटपुटले आणि खाली धावले. आम्ही मागोमाग. चाकाच्या कण्यावरची तेलाची डबी त्यांनी उघडली, तर आत पांढरंशुभ्र, थिजलेलं खोबरेल!

"हे कुणी घातलं?"

"मी," जिन्यातून आत्या म्हणाली. तिचा आवाज कधी नव्हे इतका लहान झाला होता. "कुरकुरत होतं रे. दुपारी पातळ झालं की घालत्ये रोज. माझ्या वाटणीचं आहे, अण्णा. घरातलं नाही घेतलं."

अण्णांचा राग आम्हाला चांगला ठाऊक होता. पण ते फडकं घेऊन खाली बसले. डबी आणि कणा पुसून त्यांनी यंत्राचं तेल घातलं. इंजिन सुरू झालं.

पुढच्या खेपेला न्हावी आला तेव्हा मागच्या जिन्यात अण्णा उभे होते. "परत येऊ नकोस," ते म्हणाले. "ताईला तेल लावायचं आहे."

घाबरली ती आत्याच. "अण्णा, वाळीत टाकतील रे!"

"टाकू देत. मुंजीच्या पत्रिका छापायला आपल्याकडेच येतील."

वाळीत टाकलं, आणि पत्रिकाही आल्या. आत्याची करडी वेणी पुढे मीच घालत असे. बोटं डोक्यावरून फिरली की ती डोळे मिटून म्हणे, "आता कुठे काही कुरकुरत नाही हो."

ती गेली ती पौषातल्या एका पहाटे. सकाळ झाली, न्यायची घाई सुरू झाली. मी तिची बाटली काढली, तर खोबरेल गोठलेलं. बाटली खिडकीत उन्हाला ठेवली आणि तेल पातळ होईपर्यंत सगळ्यांना थांबवलं.