कुजलेल्या अंबाडीचा धागा
डबक्यात कुजणाऱ्या अंबाडीचा वास आला की लोक नाकाला रुमाल लावतात, मी थांबतो. रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. शंकर नगरातल्या आमच्या नव्या कचेरीच्या उद्घाटनाला मंत्री येणार, म्हणून कुंपणालगतची अंबाडी गबाळी दिसते असं साहेबांनी ठरवलं आणि पंधरा दिवस आधी ती उपटून मागच्या डबक्यात फेकायला लावली. ऐन समारंभाला ती दरवळली, तेव्हा साहेबांनी उदबत्त्यांचे पुडे मागवले. त्याच गडबडीत तोरण बांधताना मी स्टुलावरून पडलो आणि घोटा टम्म सुजला. सोबतचा कारकून ओरडला, "काहून चढला बे तू? पाय मोडला असन तर नोकरी जाईन, कच्ची आहे अजून तुही!" झाडू मारणाऱ्या बाईनं फेकण्याआधी अंबाडीची बोंडं काढून ठेवली होती. बिया वाटून तिनं कोमट लेप थापला. "झन हालव, बाबू," म्हणाली, म्हणजे हलवू नको. मग डबक्यातून एक काळा, घाण देठ काढून तिनं पाण्यात झटकला, आणि त्यातून हातभर लांब, पांढराशुभ्र, रेशमासारखा धागा सुटत आला. मी दुखणं विसरून बघत राहिलो. त्याच धाग्यानं तिनं पाय करकचून बांधला. मंत्र्यांची गाडी आली, सगळे उठले. मीही पाय टेकला आणि तो टिकला. लेपानं की बांधण्यानं, हे मला आजही ठरवता येत नाही. पण त्या दिवशी मी हात जोडले ते डबक्यापाशी हात धुणाऱ्या बाईला. मंत्र्यांनी तो नमस्कार स्वतःकडे घेतला, त्याला माझा इलाज नव्हता.