आमच्या ओट्यावरची लेकरं

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोती शिवणं. सकाळी ओट्यावर बसलो होतो. मी कडा धरल्या होत्या, ती दाभणानं सुतळी ओढत होती.

"नीट धरा ना, काय डुलक्या घेऊन राह्यले?"

"तूच वाकडं शिवून राह्यली."

दुपारी तिच्या छातीत कळ आली. धाडच्या दवाखान्यात न्यायला बैलगाडी जुंपेपर्यंत ती गेली. दिवस मावळायच्या आत माती दिली.

ती पोती लेकरांना बसायला होती. दुष्काळाचं साल. मायबाप तलावाच्या कामावर माती वाहायला जात आणि लहान पोरं गावात उपाशी हिंडत. गावात आमचं एकच ख्रिस्ती घर, आणि त्या घरात मूलबाळ नाही. ती मिशनच्या बोर्डिंगात चार बुकं शिकलेली. मी दुसरीतून उठलो आणि लोकांची मेंढरं वळली. तिनं पोरं ओट्यावर बसवायला सुरुवात केली. तोंडं धुणं, पाटीवर अक्षरं, येशूची एक गोष्ट, प्रार्थना, मग ज्वारीच्या घुगऱ्या. ज्वारी मी मिशनमधून सायकलवर आणायचो. पाणी भरणं आणि भांडणं सोडवणं हेही माझ्याकडे. शिकवणं सगळं तिचं.

एकानं तिला भर रस्त्यात विचारलं, "काऊन वो बाई, पोरं बाटवून राह्यली का?"

ती म्हणाली, "आधी यायची नाकं पुसू दे भाऊ, मंग पाहू."

गर्व करू नये म्हणतात. मी करतो. शिव्या देणारी पोरं तिच्यापुढे हात जोडून बसत. मोठी पोरं लहान्यांना आधी पाणी पाजत. पन्नाशी ओलांडल्यावर आम्हाला कळलं की आपण कशासाठी आहोत.

तिला माती देऊन परत येताना लोक म्हणाले, आता ओटा बंद. मलाही तसंच वाटत होतं. गोष्ट सांगणारी गेली, मी काय सांगणार? पण पोरं कुठं जातील?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. धूर पाहून शेजारची म्हातारी धावत आली. रात्री तिनंच भाकर आणून दिली होती.

"मयताच्या घरी चूल पेटवतेत का? काही लाज?"

"आमच्यात पेटवतेत. लेकरं येतीन."

"माही नात नाही येणार. आमच्यात सुतकाच्या घरचं खात नसतेत."

ती तरातरा निघून गेली. बाकीची पोरं आली आणि गुपचूप बसली. अक्षरं शिकवणं मला जमणार नव्हतं. म्हणून मला जी नीट ठाऊक होती ती गोष्ट सांगितली. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, धनी बाकीची सोडून ते शोधायला जातो.

धनगराचं पोरगं लगेच म्हणालं, "मंग नव्याण्णव कोणाजवळ ठेवले? लांडगा नाही येत?"

खरंच होतं. मेंढरं वळताना मी कधी कळप सोडला नव्हता. मी म्हटलं, "चांगला कळप असंन. एका जागी बसला असंन."

"असा कळप नसते," तो म्हणाला. सगळी हसली.

मग मी उठलो. "म्हातारीची नात आणतो. बसता का?"

"जा, बाबा. बसतो."

म्हातारी दारातच उभी होती. मी म्हटलं, "पोरगी सुतकात हाये का उपाशी हाये?"

"काय माणूस हायेस रे! काल बायको गेली अन्..."

"तिनं हिले मांडीवर झोपवलं होतं, ताप होता तवा. तवा तिनं नाही विचारलं पोर कोणाची, जात काय."

म्हातारीनं नातीला पुढं केलं. मग पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ने. पण सांजच्याला माह्या घरची भाकर खाशीन. नाही म्हनू नको."

"खाईन."

पोरीचा हात धरून परत आलो. घुगऱ्यांचं पातेलं उघडं होतं, वाफ निघत होती. एकाही भुकेल्या पोरानं त्याला हात लावला नव्हता. सगळी जागच्या जागी बसली होती. धनगराचं पोरगं रस्त्याकडे तोंड करून राखण करत होतं.

मी डोळे मिटले आणि मला येत होती तशी प्रार्थना म्हटली. मग वाढायला बसलो.